करंगळी वर

आमच्या शाळेच्या फाटकाशी कडुलिंब आहे. त्याला फुलोरा आला की ती पांढरी, बारीक फुलं वाऱ्यानं थेट व्हरांड्यात येतात आणि मला दिवसातून चारदा झाडू मारावा लागतो. बाकीच्यांना तो वास गोड वाटतो. टीचर लोक खिडकीशी उभं राहून लांब श्वास घेतात. मला मात्र तो नको वाटतो, कारण त्याच आठवड्यात मोठ्या मॅडम फळ्यावर वेळापत्रक लावतात. पेपरचं वेळापत्रक. पेपर कुणाचे, तर साडेतीन, चार, साडेचार वर्षांच्या लेकरांचे. यंदाही लागलंय.

लातूर हे परीक्षांचं गाव. इथं मार्चमध्ये ऊन तापतं तसं लोकांचं डोकंही तापतं. आमच्या गल्लीत एका मजल्यावर वीस वीस पोरं राहतात, पाठीवर दप्तर, हातात डबा, डोळे खाली. चौकाचौकात मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो टांगलेले. मी आले तेव्हा मला वाटलं निवडणूक आहे. आता आमच्या नर्सरीच्या भिंतीवरही तसाच एक फोटो आहे. गेल्या वर्षीचा पहिला नंबर. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, नाकाखाली वाळलेला शेंबूड. तो शेंबूड मी पुसायला धावले होते, तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं.

मी या शाळेत मावशी आहे. म्हणजे झाडणं, पुसणं, डब्यांची झाकणं उघडून देणं, उलटे घातलेले बूट सुलटे करणं आणि लेकरांना बाथरूमला नेणं. माझं गाव किनवटच्या पलीकडे, जंगलातलं. या दिवसांत तिकडे मोहाची फुलं पडतात, बायका सकाळच्या उन्हात टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात आणि चार वर्षांची लेकरं त्यांच्या मागं मागं एकेक फूल वेचत, अर्धं तोंडात टाकत फिरतात. त्यांना कुणी बोट कसं धरायचं शिकवत नाही. वेचता वेचता बोटं आपोआप शहाणी होतात. इथं आमच्या अश्विनी टीचर बिचाऱ्या एकेकाची मूठ सोडवून पेन्सिल तीन बोटांत बसवतात. पाठ वळली की मूठ परत मिटते. लेकराच्या बोटात अजून तेवढा जोरच आलेला नसतो. हे मला दिसतं, टीचरलाही दिसतं, पण एक ते पन्नास आकडे पेपरात आहेत.

नवरा डाळ मिलमध्ये लागला म्हणून आम्ही इकडे आलो. मी बोलले की इथले लोक हसायचे. "काय करून राहिली" म्हटलं की टीचर म्हणायच्या, "अजून राहिलीच व्हय मावशी, झालं न्हाई का?" मोठ्या मॅडमनी मात्र मला कागद मागितला नाही. "शिक्षण किती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आठवी. म्हणजे अर्धी आठवी." "लेकरं आवडतात का?" "हाव." "मग या उद्यापासून." एवढ्यावर मला काम मिळालं. मालकिणीनं खोली दिली तीही मॅडमच्या शब्दावर. हे मी विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणूनच माझं तोंड उघडत नाही. मूळचीच मी भित्री. नळ बंद केला का हे तीनदा जाऊन बघते. मॅडमनी नुसतं "मावशी" म्हणून हाक मारली तरी आधी मनात म्हणते, काय चुकलं आता.

चार वर्षांच्या लेकराला लघवी लागते ती आत्ता लागते. पाच मिनिटांनी लागणार आहे, असं त्याला कळत नाही. खेळात असलं की विसरतं, मग एकदम आठवतं. एक पाय दुसऱ्यावर चढवतं, जागच्या जागी नाचतं, हात फ्रॉकवर दाबतं, आणि मग शाळेत शिकवल्याप्रमाणे करंगळी वर करतं. ती करंगळी वर आली की माझ्या हातात वेळ किती, तर नाक शिंकरण्याइतका.

आणि आमच्याकडे नियम असा, की पेपर चालू असताना कुणीही बाहेर जाणार नाही. नियम कुठून आला तर दहावी-बारावीवरून. मी अश्विनी टीचरना विचारलं होतं, "टीचर, नर्सरीत कॉपी कोण पुरवणार ओ?"

"तुम्हीच, मावशी. खिडकीतून."

"मला कुठं येतंय एवढं."

"मग तुम्हीपण बसा पेपरला," म्हणून त्या हसल्या. मीही हसले. हसण्यावारी गेलेला नियम तसाच भिंतीवर राहिला. खरं कारण वेगळं होतं. एकाची करंगळी वर झाली की बावीसच्या बावीस वर होतात, पेपर लांबतो आणि फाटकाबाहेर आईबाप घड्याळ बघत उभे असतात. "आमच्या लेकराचे आकडे पूर्ण झाले न्हाईत, येळ दिला न्हाई," अशी तक्रार येते. येळ. पंचावन्न मिनिटांचा पेपर, आणि घरून निघताना दही-साखर, वर ग्लासभर दूध.

गेल्या वर्षी पहिल्याच पेपरला एका लेकराच्या खुर्चीखाली ओल आली. ते खाली बघत बसलं, पेन्सिल चालूच ठेवली. शेजारच्यांनी नाकं धरली तेव्हा रडलं. मी त्याची चड्डी बदलली, फरशी पुसली, आणि घरी जाताना माझ्या डोक्यात एक युक्ती आली. ती माझी होती, कुणी सांगितलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला नियमाच्या मागं लपावंसं वाटेल.

टीचर वहीत स्टार देतात. वहीत लिहायचा मला अधिकार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लाल बॉलपेन घेऊन दारात उभी राहिले आणि सांगितलं, जो पेपर संपेपर्यंत करंगळी वर करणार नाही, त्याच्या मनगटावर मावशीचा स्टार. कमाल झाली. एकही करंगळी वर आली नाही. पेपर वेळेत संपला. बावीस जण माझ्यापुढं मनगट उलटं धरून रांगेत. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तर हुशार निघालात." आयुष्यात मला कुणी स्टार दिला नव्हता. आणि आता पास-नापास माझ्या हातात होतं. खरं सांगते, मी त्या दिवशी रस्त्यानं एकटीच हसत घरी गेले.

त्या बावीस जणांत शिवन्या होती. गोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या घरातली, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, दोन शेंड्या, बोलणं कमी. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस तिला स्टार मिळाला. बुधवारी तिच्या आईनं फाटकाशी मला थांबवलं.

"मावशी, काय जादू केली ओ तुम्ही? पैलं दर अर्ध्या तासाला नाचायची. आता घरीबी मागंना झालीय. दुपारी पावणे आले, तरी उठली न्हाई जाग्यावरची."

"शहाणी हाय ती," मी म्हणाले.

माझं ते उत्तर मला अजून खातं. पोरगी घरीही मागत नाही म्हणजे ती दिवसभर धरून बसलीय, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच. पण मी त्या वेळी हुशार होते ना.

शुक्रवारी शिवन्या आली नाही. शनिवारी शेवटचा पेपर, तेव्हाही नाही. तिची आजी फाटकाशी येऊन सांगून गेली, "ताप हाय. लघवीला बसती, रडती, उठती. काल दवाखान्यात ठिवलंय." लघवीत जंतू झालेत असं डॉक्टर म्हणाले, म्हणाली. मी हातातला झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून पडला, तरी मी तशीच उभी.

दुपारी मी मुलांच्या दवाखान्यात गेले. भिंतीवर हत्ती, माकडं रंगवलेली, आणि खाली खाटेखाटेवर तापलेली लेकरं. पाळीवर एक सिस्टर होत्या, बिलोलीकडच्या. आवाज मोठा, हात मात्र हलका. मी शिरले तेव्हा त्या शेजारच्या खाटेवरच्या लेकराला सुई द्यायच्या तयारीत होत्या आणि त्याची आजी सांगत होती, "काई होत न्हाई गं बाळा, मुंगी चावल्यावानी."

"आजी, खोटं कामून बोलून राहिल्या?" सिस्टर म्हणाल्या. "दुखणार हाय. दुखलं की ते तुमच्यावर रुसत न्हाई, पुढच्या पाळीला माझ्यापासून पळतंय." मग लेकराकडे वळून, "टोचणार हाय मी. पाचपर्यंत मोज. रडायचं तर रड, हात हलवायचा न्हाई. कोणता हात देतो, हा का तो?" लेकरानं हात दिला, तीनपर्यंत मोजलं आणि मग रडलं. सिस्टरनी ते रडू दिलं. कुणाला गप्प करण्याची घाई नसलेलं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं.

शिवन्या कोपऱ्यातल्या खाटेवर होती. डाव्या हाताला सलाईन. उजवा हात उशीखाली. तिच्या आईनं मला बघितलं आणि पहिला शब्द काय काढला, तर, "मावशी, दोन पेपर बुडले. मॅडम परत घेतील का ओ?"

मला असा राग आला. पोरीचे ओठ सुकलेले, पोट चादरीखाली वर आलेलं, आणि पेपर. पण कोणत्या तोंडानं रागावणार. मी म्हटलं, "विचारते."

सिस्टर दोन पॉट घेऊन आल्या. "कोणतं पाहिजे, हिरवं का निळं?" शिवन्यानं मान हलवली. दोन्ही नको. सिस्टर पॉट ठेवून तिच्या आईला म्हणाल्या, "सकाळपासून थेंब न्हाई. सलाईन आत चाललंय, बाहेर काहीच न्हाई. संध्याकाळच्या राउंडपर्यंत झाली न्हाई तर नळी घालावी लागंल. ह्या वयात नळी म्हणजे लेकरू लई घाबरतंय. मला नको वाटतंय ते. जळजळ हाय म्हणून भीतंय, हे खरं, पण नुसती जळजळ न्हाई. मनात काहीतरी धरून बसलंय. कालपासून एकच म्हणतंय."

"काय म्हणते?" मी विचारलं.

शिवन्याच बोलली, छताकडे बघत. "मी परवा अंथरुणात केली. म्हणून सुई दिली."

"न्हाई गं राणी," आई म्हणाली.

"सगळ्यांना असंच वाटतंय ह्या वयात," सिस्टर म्हणाल्या. "आपण कायतरी केलं म्हणून दुखणं आलं. दिवसातून धा वेळा सांगावं लागतंय, तुझ्यामुळं न्हाई, तुझ्यामुळं न्हाई. हिला कुणी काय सांगितलंय का? शाळेत वगैरे?"

"न्हाई न्हाई, शाळा लई चांगली हाय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

मी तेव्हा काय काय मोजलं ते सांगायची लाज वाटते. सांगितलं तर तिची आई बापाला सांगेल. बाप मॅडमना फोन करेल. मॅडम म्हणतील, कागद न बघता ठेवली ती चूकच झाली. खोली, मालकीण, सगळं त्याच एका शब्दावर. आणि खाटेवर ती पोरगी, पाय एकावर एक घट्ट. उशीखालचा हात मला दिसत होता. लाल शाई. दोन दिवसांत पुसट व्हायला पाहिजे होती, ती ठळक होती. घरी तिनं आईकडून गिरवून घेतली होती.

"सिस्टर," मी म्हणाले, "मी सांगितलंय तिला."

मग मी सगळं सांगितलं. पेपर, करंगळी, स्टार. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. सिस्टर मला काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कामून सांगता? तिला सांगा. उभ्यानं नका सांगू. तिच्या डोळ्याएवढं खाली बसून सांगा."

मी फरशीवर गुडघे टेकले.

"शिवन्या, माझं चुकलं गं. लागली की जायचं असतं. मी उलटं सांगितलं."

तिनं छतावरची नजर माझ्याकडे आणली. "पुसणार?"

"काय?"

"स्टार."

"नाही. तो तुझा आहे."

"शू केली तरी राहील?"

"राहील."

"अंथरुणात केली तरी?"

"तरी राहील. तू कितीपण वेळा केली तरी."

तिनं उशीखालून हात काढला, मनगट बघितलं, आणि सिस्टरना म्हणाली, "हिरवं."

सिस्टरनी खाटेभोवती पडदा ओढला. आत आम्ही तिघी बायका जिवाचा कान करून बसलो. आधी तिचं रडणं, जळजळीचं. सिस्टर म्हणत होत्या, "हाव, दुखतंय, माहीत हाय मला. थांबू नको, येऊ दे." मग तो आवाज आला. मला आजवर एवढा चांगला आवाज कुठला ऐकल्याचं आठवत नाही. शिवन्यानं पॉटवर बसल्या बसल्या पुन्हा मनगट बघितलं. "हाय," ती म्हणाली.

निघताना तिच्या आईनं मला दारापर्यंत सोडलं. "तुम्हाला काय बोलू मावशी," ती म्हणाली. "मीबी शाबासकीच दिली की तिला. पेनानं गिरवून दिलं मीच." तेवढंच. पेपरचं तिनं परत विचारलं नाही.

रस्त्यानं येताना मला आमची आश्रमशाळा आठवली. साठ मुलींना एक न्हाणीघर, त्याला कडी नाही. म्हणून आम्ही दुपारनंतर पाणीच प्यायचो नाही, लागली तरी धरून बसायचो. सातवीत मला पोटात दुखायला लागलं, आठवीत ताप येऊन येऊन अंग झिजलं. बाबा घ्यायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "गणित जमत न्हाई." बापाजवळ दुसरं सांगता येत नाही. आजही गावात सगळे म्हणतात, गणितापायी शाळा सोडली. गणित मला बरं यायचं. मग जिच्या शाळेचा घास त्या एका गोष्टीनं घेतला, तिनंच बावीस लेकरांना धरायला शिकवावं आणि वर बक्षीस द्यावं, याला काय म्हणायचं? मी कितीतरी दिवस स्वतःशी भांडत होते. अजून समजूत पटलेली नाही.

सोमवारी मी मॅडमना स्वतःहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाल्या, "झालं गेलं. स्टार बंद करा." मला काढलं नाही. मी दारापर्यंत गेले, वळले. विचारायचं होतं, आणि नियम? तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तब्येतीला जपा मावशी, वाळलात किती." मी "हो मॅडम" म्हणून बाहेर आले. त्यांच्या चांगुलपणाचा मला असा राग यावा, याचाही मला राग आला. त्या वाईट असत्या तर मी बोलले असते.

शिवन्या आता वरच्या वर्गात आहे. बरी आहे. तिची आई वेळ बघून न विचारता नेते तिला, पाणी पाजते, दवाखान्यात सांगितलं तसं. पण माझ्या वर्गात नवे बावीस आहेत. फेब्रुवारीत मी धीर करून मॅडमना म्हटलं, निदान पेपरच्या आधी सगळ्यांना नेऊ द्या. त्या लगेच म्हणाल्या, "न्या की, त्यात काय." मी सव्वाआठलाच सगळ्यांना रांगेनं नेते. निम्मी लेकरं नुसती बसून उठतात. लागलीच नाही तर कुठून येणार. वर्गात जाऊन बसली, पेन्सिल हातात धरली, की वीस मिनिटांत चुळबुळ सुरू. दिवसभर हेच माझ्या मनात. झाडताना, जेवताना, डाळ निवडताना. मी आठ दिवस तुकड्यातुकड्यानं हे लिहितेय, उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर. वाटलं होतं, लिहिलं की राग उतरेल. तो उलट नीट बसला.

आज दुसरा पेपर होता. वीस मिनिटं झाली असतील. दाराजवळच्या खुर्चीवर एक पोरगी आहे, नवी, अजून नाव विचारलं की ओठ चावते. तिनं करंगळी वर केली. अश्विनी टीचर हळूच म्हणाल्या, "थांब बाळा, थोडा वेळ." वाईट बोलल्या नाहीत. पोरीनं करंगळी खाली घेतली. नुसती खाली घेतली नाही, दुसऱ्या हाताच्या मुठीत घालून दाबून धरली, जशी काही चूक त्या बोटाचीच आहे.

मी दार उघडलं. "चला," म्हटलं.

"कोण?" टीचर म्हणाल्या.

"ज्याला लागली तो."

बावीस खुर्च्या एकदम सरकल्या. "मावशी, अहो मावशी, पेपर चालू आहे," टीचर मागून म्हणत होत्या. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते, माझा मला भरवसा नाही. व्हरांड्यात रांग लावली. काही जणांना लागलेली नव्हतीच, ती नुसती आली, पाण्यात हात घालून हसत बसली. मी त्यांनाही घाई केली नाही. परतलो तेव्हा पंख्यानं पेपर खाली उडालेले आणि टीचर एकट्या वाकून ते गोळा करत होत्या. मी वेचू लागले. टीचर मान वर न करता, "माझ्या घरचाही तसाच आहे, चार वर्षांचा," म्हणाल्या.

पेपर पंचवीस मिनिटं लांबला. फाटकाबाहेर आईबापांची कुजबुज वाढली, दोघं-तिघं ऑफिसात जाऊन आले. मॅडमनी निरोप पाठवलाय, चार वाजता भेटा. मी व्हरांड्यात लेकरांच्या छोट्या खुर्चीवर बसलेय, गुडघे छातीला लागलेत. पावणेचार झालेत.

मॅडम विचारतील, कुणाला विचारून नेलंत. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते मी खरं सांगेन. मग विचारतील, एकीलाच लागली होती ना, मग किती जणांना नेलंत?

सगळ्यांना, म्हणून सांगणार आहे. आणि उद्याही नेणार आहे, तेही सांगणार आहे.